कॅसेटवरचं नाव

लेकीला, हर्षालीला ताप चढला त्याच दिवशी अश्विनीला रिकाम्या कांद्याच्या बराकीत नऊ कॅसेटी सापडल्या. प्रत्येकीच्या लेबलावर एकच नाव होतं, हर्षाली.

कांदा बाजारात गेला की पिंपळवंडीच्या मळ्यातली ती बराक तिच्या नवऱ्याची. गोरख कुडाला बारदानं टांगायचा आणि एकटाच गिटार वाजवून रेकॉर्ड करायचा. पुण्यात कॉलेजात असताना त्यांचा चौघांचा रॉक बँड होता. बँड फुटला, बाकीचे नोकऱ्यांना लागले. गोरखनं आळेफाट्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, गिटार मात्र सोडली नाही. कॅसेटी पुण्यातल्या एका दुकानात जायच्या, दहा-वीस शौकीन घ्यायचे. पण त्यांच्यावर गोरखचं नाव कधीच नसायचं. आधी तो 'सॅम' झाला, आणि त्याच महिन्यात बँडमधला ड्रमर मोटारसायकलवरून पडून जागीच गेला. मग 'धुकं', गोरखचं मनगट मोडलं. मग 'बराक नंबर दोन'. वावटळीत बराकीचे पत्रेच उडाले.

"नाव पोळलं की टाकून द्यायचं," तो हसत म्हणायचा. "आईनंच शिकवलंय."

ते खरंच होतं. दोन मुलगे पाळण्यात गेल्यावर साळुबाईनं तिसऱ्याला उकिरड्यावर लोळवलं आणि त्याचं नाव उकिरडा ठेवलं, सटवाईचं लक्ष जाऊ नये म्हणून. गोरख हे नाव थेट शाळेच्या दाखल्यावर आलं. अश्विनी बी.एस्सी. झालेली, लग्नानंतर हे ऐकून तिला हसू आवरेना.

आज थर्मामीटर एकशेतीन दाखवत होता. सकाळी डॉक्टरांनी औषध दिलं होतं, संध्याकाळपर्यंत उतरेल म्हणाले होते. साळुबाई नातीच्या कपाळावर ओल्या घड्या बदलत बसली होती. दोनच्या एसटीनं पाठवायच्या कॅसेटी न्यायला गोरख घरी आला, तर अश्विनी खोकं मांडीवर घेऊन उंबऱ्यातच.

"अहो, हे काय केलंत?"

"अगं, या खेपेची गाणी तिचीच आहेत. तिचं खिदळणंसुद्धा घेतलंय त्यात."

"तुमची नावं पोळतात ना? मग तिचं कशाला लावलंत?"

"तू बी.एस्सी. ना गं?"

"आज नाही."

आतून साळुबाई कडाडली, "आरं उकिरड्या! तुला लपवाया मी घाणीत लोळवला, आन् तू पोरीचं नाव समद्या पुण्याला दावाया निघाला व्हय?"

"आई, तसं न्हाई गं..."

"मग तुमचं लावा," अश्विनी म्हणाली. "गोरख. तेवढं एकच राहिलंय."

तो हसेल असं तिला वाटलं. तो हसला नाही. मोडून सांधलेलं मनगट त्यानं दुसऱ्या हातात घट्ट धरलं, तोंड पांढरं पडलेलं. "माझं नको," तो पुटपुटला. "ते नको, अश्विनी."

म्हणजे इतकी वर्षं तो थट्टा करत नव्हता तर. घरात ती एकटीच भीत असती तर तिनं मनाला समजावलं असतं. इथं तर तिघंही भीत होती, आणि तिघांच्या मधे ते आठ महिन्यांचं पोर धापा टाकत होतं.

"यावेळी पाठवायचंच थांबवू का?" त्यानं विचारलं.

"नको. तिचं नाव लागून चुकलंय, आता ते दुसऱ्या कुणावर तरी गेलं पाहिजे. लेबलं द्या."

तिनं ब्लेडनं जुनी लेबलं खरवडली, नवी चिकटवली. नऊही कॅसेटींवर तिनं लिहिलं, अश्विनी.

गोरखनं वाचलं. तोंड उघडलं, पण तिनं खोकं त्याच्या हातात कोंबलं. "जा. गाडी चुकेल."

साळुबाई सुनेकडे बघत राहिली, आणि मग तिनं डोळे वळवले.

चारच्या सुमाराला हर्षालीला घाम फुटला. काखेतला पारा नव्याण्णवाला आला होता. ती दुधासाठी कुरकुरली, तिनं आजीचं नाक ओढलं. "उतरला गं बाई!" साळुबाई रडत रडत हसली.

अश्विनीही हसली. मग तिनं थर्मामीटर पुसला, झटकला आणि स्वतःच्या जिभेखाली धरला.