वाकड्या घेराचा नेम

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. न बसू दे. मी एक जुना छर्रा आहे. एअरगनचा, शिशाचा, वाटाण्याहून लहान. पण एका मुलीची लाज मी एकट्याने राखली आहे, तीही वाकड्या अंगाने.

जन्मलो तेव्हा मी देखणा होतो. पुढे सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर आणि मागे फ्रॉकसारखा गोल घेर. आमची सगळी अब्रू त्या घेरात. बंदुकीतली हवा तिथेच धक्का देते. घेर जरासा चेपला, की हवा एका बाजूने निसटते आणि छर्रा वाटेतच डोलू लागतो. म्हणून तर कारखान्याने आम्हाला स्पंजच्या खोबणीत वेगवेगळं बसवून पाठवलं होतं.

आमची मालकीण मुंगी. नेम धरायला फार वेळ लावते म्हणून तिच्या सरांनी ठेवलेलं नाव. बंदूक मात्र क्लबची. त्या दिवशी निवड चाचणी होती; संघात निवड झाली तर बंदूक मुंगीकडे राहणार, नाहीतर संध्याकाळी परत करायची.

आणि नेमकी त्याच सकाळी तिच्या बाबांना माया आली. लेकीच्या मोठ्या दिवशी साधा खोका बरा दिसत नाही म्हणून त्यांनी आम्हाला चकचकीत स्टीलच्या डबीत ओतलं, डबी खिशात टाकली आणि स्कूटर काढली. प्रत्येक खड्ड्याला आम्ही एकमेकांवर आदळत होतो आणि बाबा मजेत शीळ घालत होते. पोहोचेपर्यंत माझा घेर एका अंगाने पार आत गेला होता.

मुंगीचा पहिला नेम बरा लागला. दुसरा डावीकडे गेला, तिसरा खाली. तिला वाटलं, आपलाच हात हलतोय. तिने खांदा सैल केला, श्वास धरला. पुढचा नेम आणखी लांब. बाबांची शीळ केव्हाच बंद पडली होती. अखेर एकच नेम उरला, आणि तो मधोमध लागल्याशिवाय निवड नव्हती.

त्याआधी थोडी सुट्टी मिळाली. सर तरातरा आले, डबी उघडून एक छर्रा उजेडात धरला आणि विचारलं, ही डबी कोणाची.

"माझी," बाबा म्हणाले. "छान आहे ना?"

"फार छान. उद्यापासून हिच्यात खिळे ठेवा."

बाबांचा चेहरा उतरला. ते मागे सरकू लागले, तशी मुंगी हळूच म्हणाली, "बाबा, जाऊ नका. मला दिसाल असे उभे राहा."

मग ती जागेवर गेली. डबीत बोटं घातली आणि, मित्रांनो, तिच्या चिमटीत मी आलो! वाकडा, चेपलेला मी. तिने मला नळीत सरकवलं. आत काळोख. मी मनाशी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. पोट आत ओढलं, घेर फुगवून स्वतःच गोल केला. हवा सुटली. वाटेत डावीकडे झुकलो, तेवढ्यात कंबर मुरडून उजवीकडे आलो आणि थेट मधोमध! सगळे उभे राहिले. बाबा तर डोळे पुसत होते.

तेव्हापासून मी मुंगीच्या टेबलावर, बंदुकीशेजारी मानाने राहतो. तुम्हाला एकच विनंती. आम्हाला खुळखुळ्यासारखं वाजवू नका, दाबू नका, पाडू नका. प्रत्येकाला काही माझ्यासारखी कंबर मुरडता येत नाही...

"पुरे रे," शेजारून बंदूक म्हणाली. "माझ्या नळीतून कोण गेलं ते मला विचार की. गेलेला छर्रा निशाणामागच्या लोखंडावर आपटून चपटा होतो. तुझी कंबर अजून शाबूत आहे. शेवटच्या नेमाआधी तिने तुला काचेवर घरंगळवून पाहिलं, तू लंगडलास, तिने तुला बाजूला ठेवलं आणि दुसरा घेतला. तुला उडवलं असतं, तर आज मी या घरात नसते."