गुळगुळीत म्हणून हिणवलेली तबकडी

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. एका पंक रॉक बँडचा तिसरा अल्बम. माझ्या दोघी थोरल्या बहिणींचा जन्म गाड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये झाला. त्यांच्यात गिटारी किंचाळतात, ड्रम धडाडतात आणि गायिका काय म्हणते ते तिचं तिलाच ठाऊक. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं.

माझ्या वेळी मात्र गायिका हटून बसली. "शब्द ऐकू आलेच पाहिजेत," ती म्हणाली. मग चांगला स्टुडिओ घेतला. ध्वनिमुद्रकाने एकेक वाद्य वेगळं घेतलं, खरखर काढली, तिचा आवाज पुढे आणला. ड्रम वाजवणारा तिचा धाकटा भाऊ धुसफुसत राहिला.

"ताई, फार गुळगुळीत झालंय हे. आपलं वाटत नाही."

"राग तोच आहे रे. फक्त तोंड धुऊन आलाय."

मी बाजारात आले आणि जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली. पहिल्याच कार्यक्रमात अर्धा हॉल रिकामा झाला. भावाने ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या त्या ठेवल्याच. गायिका वेगळी राहायला गेली, दोघांचं बोलणं तुटलं. मी घरात कपाटावर धूळ खात पडले. माझ्यामुळेच हे झालं, असं वाटून जीव तुटायचा.

एका दुपारी त्यांची आई कपाट आवरत होती. तिने जन्मभर लाँड्रीत इस्त्री केली होती. मुलांचा बँड सुरू झाला की ती कानात कापूस घालायची. तिने मला पुसलं आणि सहज लावून पाहिलं.

'उभी दिवसभर, पाय सुजले, तिला कुणी स्टूल देईना,' गायिका गात होती. आई होती तिथेच खाली बसली.

"हे माझं आहे का रे?" आवाज ऐकून आलेल्या मुलाला तिने विचारलं.

"तुझंच. पहिल्या अल्बममध्येही होतं."

"मग मला कसं कळलं नाही?"

त्याने सुई उचलून गाणं पुन्हा लावलं आणि बहिणीला फोन केला.

"ताई, आईला शब्द कळले."

पलीकडून ती म्हणाली, "येते मी."

बँड काही पुन्हा उभा राहिला नाही. पण त्या संध्याकाळी तिघं माझ्याजवळ बसून जेवली.

मित्रांनो, आईला माझी बाकीची गाणी आजही आवडत नाहीत. तरी ती मला कडेने धरते, मऊ कापडाने पुसते आणि शेवटपर्यंत ऐकते. कुणाला नावं ठेवण्याआधी तुम्हीही एवढं करा.