गोणीखालचे पाचवे चाक

मी एक जुनी स्टेपनी आहे. मित्रांनो, तुम्ही गाडीचे चित्र काढता तेव्हा चार चाके काढता. पाचवे चाक कुणी काढत नाही. ते चाक म्हणजे मी.

माझी गोष्ट सलग सांगता येणार नाही. डिकी उघडली की मला दिसायचे. बंद झाली की फक्त ऐकू यायचे. आयुष्य जसे मिळाले तसेच तुकड्यांनी सांगते.

उघडी

कारखान्यात आम्ही पाचही चाके सारखीच होतो. तोच रबर, तोच साचा, तोच काळा वास. मग चौघींना गाडीच्या चार कोपऱ्यांना लावले आणि मला डिकीच्या तळाशी एका गोल खड्ड्यात आडवे ठेवले. वर गालिचा टाकला.

ही छोटी पेट्रोलची गाडी हिरामणने घेतली. तो नाशिकच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करतो आणि बायको सवितासोबत गंगापूर रोडला राहतो. गाडी घेतली ती मुख्यतः आईसाठी. आई भिमाबाई हरसूलजवळच्या पाड्यावर एकटी राहते.

नवी गाडी आधी पाड्यावरच नेली. तिथे चार चाकांखाली चार लिंबे ठेवली. माझ्यासाठी लिंबू नव्हते. पण भिमाबाईने हळदीकुंकवाचे ताट हातात धरून विचारले, "पाचवं चाक असतं ना रं? ते कुठं हाय?"

हिरामणने हसत गालिचा उचलला. तिने माझ्यावरही बोट टेकवले. ते कुंकू बरीच वर्षे माझ्या अंगावर होते.

बंद

रस्ता मला फक्त हादऱ्यांनी कळायचा. गुळगुळीत म्हणजे शहर. वळणे आली की घाट. मग दगड वाजू लागले की पाडा.

खाली त्या चौघी गात असत. डांबर तापले की एक सूर, ओले असले की दुसरा. मी कान लावून ऐकत असे. पुढे त्या झिजल्या, त्यांच्या जागी नव्या चौघी आल्या. त्यांना माझा पत्ताही नव्हता.

मी झिजले नाही. पण अंधारात पडून राहिले तरी रबर म्हातारा होतो, हे मला कुणी सांगितले नव्हते.

उघडी

दर शनिवारी पाड्यावर डिकी उघडायची. उजेड आत येण्याआधीच तांदळाची गोणी यायची. शेजारचा पुंजा ती उचलून माझ्यावर टाकायचा.

"म्हातारे, दर शनवारी गोणी? नाशकात तांदूळ मिळत नाय का?" पुंजा विचारायचा.

"मिळतो. पण आईचा मिळतो का?" भिमाबाई म्हणायची. आणि हिरामण दूर गेला की हळूच, "तांदूळ हाय म्हणून येतो रं पोरगा. नायतर इतक्या लांब कोण येतंय?"

हे मी ऐकले.

बंद

परतीच्या वाटेवर सविता म्हणाली, "अहो, मागच्या दोन गोण्या अजून उघडल्या नाहीत. पलंगाखाली किडे झालेत. अर्धा तांदूळ मी बिल्डिंगमध्ये वाटते."

"आईला बोलू नकोस," हिरामण म्हणाला. "गोणी नेली नाही तर तिला वाटेल, तिची किंमत नाही आपल्याला."

हेही मी ऐकले. दोन्ही बाजू ऐकणारी गाडीत मी एकटीच होते. आणि मला तोंड नव्हते.

बंद, आणखी

पेट्रोल महाग झाले. गाडी जुनी झाली, ॲव्हरेज घसरले. शनिवार आठवड्याचा होता, तो पंधरा दिवसांचा झाला. मग महिन्याचा. गोणी मात्र तेवढीच राहिली. उलट महिन्याच्या दोन होऊ लागल्या.

मधल्या दिवसांत गाडी बिल्डिंगखाली उभी असे. वर कुणी झोपाळा हलवला तरी मला ऐकू येई. एवढी शांतता असे.

उघडी

डिकी उघडली तर समोर टाय लावलेला मुलगा. नव्या गाड्यांच्या शोरूमचा राकेश. जुनी गाडी देऊन नवी घ्यायची होती, म्हणून तो मला बघायला आला होता. म्हणजे गाडीला. माझ्याकडे त्याने एक नजर टाकली.

"स्टेपनी तर नवीकोरी आहे साहेब."

"कधी वापरलीच नाही," हिरामण अभिमानाने म्हणाला.

राकेशने मला दाबून बघितले नाही. हिरामणनेही नाही.

"हे बघा, ॲव्हरेज पाहिजे तर सीएनजीच घ्या," राकेश म्हणाला. "पेट्रोलपेक्षा खूप परवडते. हरसूलला दर आठवड्याला हसत हसत जाल."

"आणि डिकी?" सविताने विचारले.

"डिकी आहे ना मॅडम. फक्त तिच्यात टाकी आहे."

"म्हणजे खोली आपली, पण आत भाडेकरू."

राकेश हसला. "लॅपटॉपची बॅग आरामात बसते."

"आमच्या सासूबाई लॅपटॉप पिकवत नाहीत."

हिरामण हसला नाही. तो माझ्यावरची तांदळाची कणी बोटाने उचलत होता. "पेट्रोलवाल्या गाडीत डिकी पूर्ण मोकळी?"

"पूर्ण. दोन गोण्या बसतील. पण मग ॲव्हरेज विसरा. महिन्यातून एखादी चक्कर, बस."

"आठवडाभर विचार करतो," हिरामण म्हणाला आणि डिकी लावून टाकली.

अंधारात मी विचार करत राहिले. एका गाडीत गोणीला जागा होती, पण हिरामण क्वचित येणार होता. दुसऱ्या गाडीत तो वरचेवर येणार होता, पण गोणी पाड्यावरच राहणार होती. हे गणित भिमाबाईला कुणी विचारलेच नव्हते.

उघडी, वाटेत

जुन्या गाडीची ती शेवटची फेरी. हिरामण एकटाच आला होता. गोणी घेऊन निघाला आणि पाडा मागे पडतो न पडतो तोच मागचे चाक धारदार खडीवर गेले.

मला बाहेर काढायचे तर आधी गोणी काढावी लागते. हिरामणने ती ओढून रस्त्याकडेला टेकवली. मग गालिचा उचलला, मला उचलले.

मित्रांनो, तो उजेड मी विसरणार नाही. सागाची पाने, भाताची खाचरे, लांबवर एक बैल. मला गाडीला लावले. नट आवळले. जॅक खाली आला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा डांबराला टेकले.

टेकले, आणि पसरले.

माझ्यात हवा नव्हती. इतक्या वर्षांत ती कणाकणाने निघून गेली होती. कधी गेली, ते मलाही कळले नाही.

हिरामण रस्त्यावरच बसला. मग त्याने पुंजाला फोन केला.

पुंजा मोटारसायकलवर आला. मागे भिमाबाई बसली होती, घाबरलेली. "तुला लागलं का रं कुठं?"

"नाही आये, चाक पंक्चर झालंय."

पुंजाने मला पायाने ढोसले. "काय लॅबवाले! चार चाकांत हवा आणि पाचवं काय शोभेला?" पंप आणून त्याने बघितले, पण माझ्या अंगाला चिरा पडल्या होत्या. हवा इकडून जाई, तिकडून निघे. शेवटी तो पंक्चर झालेले चाक घेऊन हरसूलला गेला. "पंक्चरवाला जेवायला गेला असल. येळ लागल," एवढे सांगून.

मायलेक उरले. ती गोणीवर बसली, तो दगडावर. शनिवारी तो यायचा, जेवायचा, गोणी डिकीत जायची, तो निघायचा. नुसते बसण्याची दोघांनाही सवय नव्हती.

"गुडघा कसा हाय तुझा?" तिने विचारले.

"दुखतो अधूनमधून. तुझी कोंबडी?"

"मुंगसानं नेली."

मग त्याने नव्या गाडीचे सांगितले. "गॅसवर घेतली तर दर शनिवारी येता येईल. पण त्यात गोणी मावत नाही. पेट्रोलवर घेतली तर मावते, पण येणं महिन्यातून एकदा."

भिमाबाई बराच वेळ गोणीच्या शिवणीवरून हात फिरवत राहिली.

"मंग गोणी राहू दे," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "पण मंग तू येशील कशाला?"

"तुला भेटायला."

"ते काय काम हाय?"

हिरामणने मान खाली घातली. "आये, घरात तुझ्या दोन गोण्या तशाच पडल्यात. आम्हाला संपत नाही."

"मंग सांगायचं ना रं!"

"तुला वाईट वाटेल म्हणून नेत होतो."

"आन् मला वाटलं, तू त्याच्यासाठीच येतो."

मग आई खाचरांकडे बघू लागली आणि मुलगा घाटाकडे. मी मध्ये, चपटी. वर्षानुवर्षे माझ्या पोटात साठलेले दोघांनी काही क्षणांत बाहेर काढले होते.

पुंजा चाक घेऊन आला. मला काढून कडेला ठेवले.

"ही शेवटची गोणी ने," भिमाबाई म्हणाली. "फुडच्या वेळी रिकामा ये. आन् हे चाक कशाला वाहतोस फुकट? तुझं ते ॲव्हरेज कमी होईल. ठेव हितंच."

पुंजाने मला मोटारसायकलच्या टाकीवर घेतले. जाताना तो म्हणाला, "म्हातारे, कुंकू लावलं होतं ना तू ह्याला? बघ, आलं तुझ्याकडं."

उघडीच

आता मी अंगणात असते. वर डिकी नाही. पाऊस, ऊन, मुंग्या सगळे दिसते. त्या चौघी कुठे गेल्या, कोण जाणे.

शनिवारी भिमाबाई माझ्यावर गोधडीची घडी टाकून बसते आणि वाटेकडे बघते. कधी फोन येतो. "आये, गॅसच्या रांगेत उभा हाय. रांग पार द्वारका चौकापर्यंत गेलीय. आज जमेलसं वाटत नाही."

"अस दे. मी बसले हाय," ती म्हणते. फोन ठेवल्यावरही बसून राहते.

कधी तो येतो. सवयीने ती आधी गाडीच्या मागे जाते, मग थांबते. डिकी उघडत नाही. एका स्टेपनीवर दोघे मावत नाहीत, म्हणून हिरामण खाली मातीत बसतो. फार बोलत नाहीत. तो गेल्यावर ती उठते, तेव्हा तिची ऊब माझ्यावर थोडा वेळ राहते. मग तीही जाते.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी घेतील तेव्हा ॲव्हरेज जरूर विचारा. डिकीत काय मावते तेही बघा. पण ती गाडी ज्यांच्या दारात जाऊन थांबणार आहे, त्यांनाही एकदा विचारा. आणि काहीही आणायचे नसेल त्या दिवशी मुद्दाम जा.

निघण्याआधी मात्र डिकीचा गालिचा उचला. तळाशी कुणीतरी पडलेले असेल. त्याला अंगठ्याने एकदा दाबून बघा.