खांद्याची गोळी

गोल नाकाची गोळी कागद फाडते. खांद्याची गोळी कागद कापते.

*

ईडाचे लोकरीचे मोजे अजून रेडिएटरवर आहेत. ते वाळून सहा वर्षं झाली.

*

"सिग्नेला आवाज सोसत नाही. मी पिस्तूल पुसायला घेतलं तरी ती कोंबड्यांकडे जाते." मर्लचं पत्र, २००९.

*

एक ग्रेन म्हणजे पूर्वी धान्याच्या एका दाण्याचं वजन धरत. माझ्या तराजूला त्याचा दहावा भाग कळतो. मी जवळून श्वास सोडला तरी काटा हलतो.

*

आपल्या टार्गेटचे गुण आपण मोजायचे नाहीत. समोरच्याने मोजायचे.

*

जानेवारीत मोंटानाचं टपाल ओहायोत यायला आठ दिवस लागतात.

२३०

मी लायल हॉर्वाथ. वय चौऱ्याहत्तर. पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल एका हाताने धरून पन्नास फुटांवरच्या काळ्या गोलावर मारतो. ओहायोतल्या आमच्या क्लबच्या तळघरात पूर्वी मंगळवारी चौदा माणसं उभी असत. आता मी आणि ड्वेन पोल. ड्वेन नेमबाज नाही, तो इमारत गरम ठेवायची भट्टी सांभाळतो आणि माझ्या टार्गेटवर साक्षीची सही करतो.

मोंटानातल्या मर्ल ऑस्टगार्डला मी कधी पाहिलं नाही. बावीस वर्षांपूर्वी नेमबाजांच्या मासिकात त्याने चार ओळी छापल्या होत्या: टपालाने सामना खेळायला कोणी हवा, बढाईखोर नको. मी लिहिलं, बढाई मारतो पण हरतोही. तेव्हापासून दर महिन्याला तीस गोळ्या, तीन टार्गेटं, एक पाकीट. माझी तो मोजायचा, त्याची मी. फोन कधी केला नाही. फोनवर काय बोलणार, दोघांनाही कानाने कमी ऐकू येतं.

सुरुवातीला दोघंही दोनशे तीस ग्रेनची गोल नाकाची मारायचो, फौजेतली सवय. ती पिस्तुलात अडकत नाही, कशीही भरा. पण कागदावर तिचं भोक म्हणजे कुत्र्याने चावल्यासारखं. कडा आत मुडपतात. रेषेला लागली की नाही यावरून पहिल्या वर्षी आम्ही चार पत्रांत भांडलो.

२००

मग मर्लनेच लिहिलं: "खांद्याच्या गोळीवर ये. दोनशे. कागदाला छाप मारल्यासारखं भोक पडतं. मग भांडायला कारण राहणार नाही, हा एक तोटा."

या गोळीचं नाक अरुंद, आणि नाक संपतं तिथे धारदार खांदा. बाटलीच्या गळ्याखाली असतो तसा. काडतुसात ती किती खोल बसवायची यात सगळं आलं. खांदा जरा जास्त वर राहिला की पिस्तुलाच्या तोंडाशी अडकतो. मी दोन आठवडे एकेका केसाएवढा फरक करत बसलो होतो. माझी बायको ईडा वरून ओरडायची, "लायल, खाली कोणाशी बोलतोयस?"

गोळीशी बोलायचो. अजून बोलतो. वरून कोणी विचारत नाही, एवढंच.

१८५

गेल्या वसंतात माझ्या अंगठ्याचा सांधा गेला. दोनशेचा धक्का कोपरापर्यंत यायला लागला. मी एकशे पंच्याऐंशीवर उतरलो. हलक्या गोळीला पिस्तुलाची स्प्रिंगही हलकी लागते, नाहीतर रिकामी पुंगळी नीट बाहेर पडत नाही. तीही बदलली. मर्लला सप्टेंबरात कळवलं. ऑक्टोबरच्या पाकिटात त्याची चिठ्ठी आली:

"एकशे पंच्याऐंशी? पुढच्या वर्षी काय, वाटाणे?"

मी उत्तर दिलं: "वाटाण्यानेही तुला हरवीन. यंदा तरी माणसासारखा नेम धर."

२३०

नोव्हेंबरच्या टार्गेटांवर भोकं फाटलेली होती.

मी म्हटलं, गोळ्या ओतायचं शिसं संपलं असेल, दुकानातल्या मारत असेल. डिसेंबरलाही फाटलेली. चिठ्ठी नाही. जानेवारीला एक भोक काळ्या गोलाच्या बाहेर, पांढऱ्यावर. दोनशे एकतीस गुण. बावीस वर्षांत मर्ल दोनशे पन्नासच्या खाली गेला नव्हता.

मी टार्गेटं ड्वेनला दाखवली.

"म्हातारा झाला असेल," ड्वेन म्हणाला. "तू काय कोवळा आहेस?"

"हे बघ. मर्लची गोळी चुकली की खाली डावीकडे जाते. बावीस वर्षं. ही सगळी उजवीकडे वर."

"मग?"

"म्हातारपणाने नेम ढिला होतो, बाजू बदलत नाही. हे दुसऱ्याचं मनगट आहे. नवशिक्याचं. त्यात दुकानातली गोल नाकाची दोनशे तीस. कोणी सांगणारं नाही."

ड्वेनने कॉफीत बिस्किट बुडवलं, ते तुटलं, तो बोटाने शोधत राहिला. "पत्र टाकून विचार की."

"विचारलं आणि खरं निघालं तर?"

"तर कळेल."

"कळलं की पाकीट बंद होईल, ड्वेन."

"मग माझ्याशी खेळ."

"तुझी गोळी या भिंतीला लागली तरी मी चर्चला देणगी देईन."

तो हसला, आणि भट्टी बघायला गेला. मी टार्गेटं पुन्हा पाकिटात घातली. घरी येणाऱ्या टपालात माझं नाव हाताने लिहिलेलं असं ते एकच पाकीट असतं. बाकी सगळं छापील.

पत्राचे खर्डे:

मर्ल, तू बरा आहेस ना

मर्ल, ही टार्गेटं कोणाची

ज्या कोणी ही टार्गेटं मारली त्यांस

शेवटी टाकलं ते असं: "मर्ल, पुन्हा दोनशे तीसवर का गेलास? मनगट वर उडतंय. कामाच्या बाकावर हलक्या, खांद्याच्या गोळ्या असतील, त्या वापर. हाताला बऱ्या, आणि मला भोकं नीट दिसतील. गुण कितीही येवोत, पाकीट पाठवत राहा. लायल."

नवव्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला. मी औषधांच्या दुकानाचा असेल म्हणून उचलला, बऱ्या कानाला लावला.

"लायल हॉर्वाथ?"

"बोलतोय."

"मी सिग्ने. सिग्ने ऑस्टगार्ड, मर्लची बायको." मागे कोंबड्यांचा आवाज होता. "मनगट वर उडतंय हे तुम्हाला कागदावरून कळलं?"

"कळतं."

"मला वाटलं, मी तुम्हाला फसवतेय."

"एक महिना फसवलंत. मी म्हटलं, मर्लचं शिसं संपलं असेल."

"शिसं पडलंय पुष्कळ," ती म्हणाली. "मर्ल गेला. ऑक्टोबरात, नऊ तारखेला."

मी खुर्ची ओढली.

"ऑक्टोबरचं पाकीट त्याच्याच हाताचं होतं," मी म्हणालो.

"चिकटवून ठेवलेलं होतं त्याने. मी फक्त पेटीत टाकलं. बारा तारखेला, दफनाहून येताना."

"आणि पुढची?"

"तुमचं पाकीट आलं ना. उघडलं तर आत, माणसासारखा नेम धर. त्याला काय उत्तर लिहिणार मी? त्यापेक्षा टार्गेट मारणं सोपं वाटलं."

"सोपं होतं?"

"नाही हो. पहिल्या दिवशी मी डोळे मिटूनच मारल्या. त्याच्या क्लबातल्यांनी काही विचारलं नाही. एकाने कोपर धरून वर उचलला फक्त. साक्षीची सही त्यानेच केली."

"आवाज सोसतो आता?"

"नाही. कानात कापूस घालते, वर त्याची ती कानावरची झाकणं. तरी नाही."

तिला काही तरी उपयोगाचं सांगावं असं मला वाटलं, आणि मला एकच गोष्ट येते. मी म्हणालो, "गोल नाकाची सोडा. दोनशे तीस तुमच्या हाताला जड आहे. हलकी घ्या, धक्का कमी, मनगट जागेवर राहील. तिथल्या कोणाला तरी भरून द्यायला सांगा. तुम्ही एकट्या काडतुसं भरायच्या प्रेसला हात लावू नका."

"भरलेल्या आहेत की. त्याच्या हातच्या. सात डबे, पन्नास पन्नासचे. खांद्याच्या. झाकणावर लिहिलंय सगळं, थांबा, चष्मा." डबा सरकल्याचा आवाज. "एकशे पंच्याऐंशी. जुलै."

"किती?"

"एक, आठ, पाच."

"लबाड मेला," मी म्हणालो. "मला वाटाणे म्हणाला."

ती हसली. हसू लहान होतं, लगेच संपलं, पण मी ते ऐकलं. दोनशे असो की एकशे पंच्याऐंशी, खांद्याच्या गोळीचं भोक सारखंच, म्हणून मला कागदावरून कधी कळलं नसतं. त्याचाही हात गेला होता, आणि त्याने मला सांगितलं नव्हतं.

"मग त्याच मारा," मी म्हणालो. "तुमच्यासाठी अगदी बरोबर वजन आहे. स्प्रिंगही त्याने बदललेली असणार. म्हणूनच गोल नाकाची जास्त उसळतेय."

"ते मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"चाळीस वर्षं जेवताना काय ऐकलं असेल मी? नाक, खांदा, ग्रेन." डबा परत सरकल्याचा आवाज. "साडेतीनशे आहेत, लायल. महिन्याला तीस. वर्ष व्हायच्या आत संपतील."

मी तीन महिने त्या फाटक्या भोकांत अडाणीपणा बघत होतो. भिंग लावून.

"मग गोल नाकाचीच मारा," मी म्हणालो. "स्प्रिंग फक्त जड बसवून घ्या. तो कोपरवाला बसवून देईल."

"तुम्हाला भोकं दिसत नाहीत म्हणालात."

"फाटक्या भोकात गुण ठरवायची मापाची कांडी नीट बसत नाही, शंका राहते. शंका असली की वरचा गुण. असा नियम आहे."

"मर्ल म्हणायचा, तुम्ही शंकेलाही खालचाच गुण देता."

"मर्लला देत होतो."

ती पुन्हा हसली नाही. कोंबड्या ओरडत होत्या. "पाठवते," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. तिचा नंबर लिहून घ्यायचा राहिला.

त्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी मी क्लबात गेलो. ड्वेन नव्हता. साक्षीशिवाय मारलेल्या गोळ्या धरत नाहीत. दहा मारल्या, कागद उतरवला, भोकांतून पलीकडचा दिवा बघितला आणि कागद भट्टीत टाकला.

१८५

फेब्रुवारीचं पाकीट मार्चच्या चार तारखेला आलं. पत्त्यावरचं अक्षर या वेळी तिचं, मर्लचं गिरवलेलं नव्हे. खाली सहीही तिची: सिग्ने ऑस्टगार्ड, पूर्ण. चिठ्ठी नाही.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिवा ओढला, पितळी कांडी आणि भिंग घेतलं. पहिल्या टार्गेटवर दहा भोकं, फाटकी. दुसऱ्यावर दहा, फाटकी, दोन पांढऱ्यावर. शंका असेल तिथे वरचा गुण देत गेलो. शंका बऱ्याच ठिकाणी होती.

तिसऱ्यावर नऊ फाटकी. दहावं कापलेलं होतं. स्वच्छ, गोल, उजवीकडे वर, तिच्या बाकीच्यांसारखंच. नऊच्या रेषेला लागलेलं. कांडी घालायची गरज नव्हती. मी नऊ लिहिले. मग कांडी घातली तरीही, आणि ती भोकात सरळ उभी राहिली.

बेरीज दोनशे अडतीस.

मर्लने त्या गोळ्या जुलैत भरल्या होत्या.