फुटलो, म्हणून टिकलो

मित्रांनो, मी एक मिश्रधातू आहे. शर्टाच्या बटणाएवढा, करडा, वाटेत दिसलो तर कोणी उचलणारही नाही असा. नेहमीच्या मिश्रधातूत एक धातू घरमालक असतो आणि बाकीचे चिमूटभर पाहुणे. माझ्यात मात्र मँगनीज, लोह, निकेल, जर्मेनियम आणि सिलिकॉन असे पाच जण नांदतात, आणि मालकी कोणा एकाची नाही.

मला घडवले एका संशोधक बाईंनी. प्रयोगशाळेत सगळेच त्यांना ताई म्हणत, विभागप्रमुख सरसुद्धा. विजेच्या झोताखाली त्यांनी मला वितळवले, उलटवले, पुन्हा वितळवले. आम्हा पाचांची नीट गट्टी जमेपर्यंत त्यांनी पाठ सोडली नाही.

माझ्या अंगात एक गंमत होती. चुंबकाजवळ नेले की मी तापायचो. ती उष्णता पाण्याने वाहून नेली आणि मला चुंबकापासून दूर केले, की मी आधीपेक्षा गार व्हायचो. याच युक्तीवर ताईंना गॅसशिवाय चालणारा फ्रिज करायचा होता. पहिल्यांदा पारा उतरला तेव्हा त्या जेवणाचा डबा उघडायचेही विसरल्या. सरांनी मला तळहातावर घेऊन न्याहाळले. मी फुशारून गेलो.

पण चुंबकात आत-बाहेर करताना माझे अंग सारखे फुगत आणि आक्रसत होते. एका दुपारी माझे तुकडे झाले.

"ताई, आता पुरे," सर म्हणाले. "चुंबक दुसऱ्या गटाला द्यायचाय."

मी भंगाराच्या डब्यात पडलो. ताईंना मात्र चैन पडेना. त्यांनी माझा एक कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला, पुन्हा चुंबकात नेऊन पाहिला आणि सरांकडे गेल्या.

"सर, हा फुटलाय, पण बिघडला नाही. कण अजून गार होतोय. मग आपणच त्याचा भुगा केला तर?"

"मुद्दाम?"

"हो. भुगा आणि चिकटद्रव्य मिळून पातळ पट्ट्या करू. कण फुगले तरी चिकटद्रव्य सांभाळून घेईल."

सर म्हणाले, "करून बघा. चुंबक तोवर इथेच राहू दे."

दळले जाताना मी घाबरलो होतो, खोटे कशाला सांगू? पण पट्ट्या झालो, चुंबक आणि पाण्याच्या नळ्या असलेल्या एका छोट्या यंत्रात बसलो आणि टिकलो. चिकटद्रव्याने जागा खाल्ली, त्यामुळे पूर्वीपेक्षा थोडा कमी गार होतो, एवढेच.

एकदा ताईंचे वडील आले. त्यांचा जन्म फ्रिज दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी यंत्राला कान लावला.

"कॉम्प्रेसर कुठाय?"

"नाहीच आहे, बाबा."

त्यांनी नळीतून येणाऱ्या पाण्यात बोट बुडवले. "गार आहे गं. भर उन्हाळ्यात चालेल?"

"माहीत नाही. खोली तापवून बघावं लागेल."

"मग तापव की," म्हणत त्यांनी स्टूल ओढले.

मित्रांनो, फ्रिज अजून झालेला नाही. पण तुमच्या हातून काही फुटले, तर ते केरात टाकायची घाई करू नका. का फुटले, एवढे त्याला विचारा. मला कोणीतरी विचारले, म्हणून आज मी बोलतो आहे.