व्हॉटचा धडा

इंग्रजीचा क्लास माझ्या थोरल्या दिरांच्या नावावर. त्यांच्या पुस्तकातलं अक्षर न् अक्षर मात्र अकरा वर्षं मी लिहीत आलेय. कव्हरवर फोटो त्यांचा, नावही त्यांचंच. तेही मी गिळलं, कारण शिकवायला मिळत होतं. मग मागच्या महिन्यात भाऊजी म्हणाले, आता वर्ग आमची सूनबाई घेईल, तू 'व्हॉट'चा तेवढा धडा लिहून दे आणि घर सांभाळ. गरज सरो, वैद्य मरो. नवरा म्हणाला, जाऊ दे, घरचंच आहे. घरचंच म्हणे! माझं डोकं असं सणकलं, की मी दुपारीच वही घेऊन बसले.

'व्हॉट' म्हणजे नुसतं 'काय' नव्हे. नामाआधी आला तर 'कोणता', उद्गारात 'केवढा', दोन वाक्यं जोडताना 'जे'. नियमामागे भरपूर उदाहरणं द्यायची ही माझी पद्धत, तशी मी दिली.

रोज शिकवायचे मी, पण नवा धडा सुरू करतात भाऊजीच, आणि तो आधी कधीच वाचत नाहीत. थेट वर्गात उभं राहून खड्या आवाजात इंग्रजी वाक्य वाचायचं आणि सगळ्यांनी एका सुरात मराठी सांगायचं, अशी त्यांची रीत. मला ती चांगली ठाऊक होती.

रविवारी सकाळी वर्ग गच्च भरला होता. नर्स होत्या, ड्रायव्हर होते, परदेशी निघालेला एक शिंपी होता. सूनबाई पहिल्या बाकावर. छापलेली पानं नवऱ्यानं वाटली, त्यानंही वाचली नव्हती. मी दाराशी उभी होते.

भाऊजींनी पहिलं वाक्य वाचलं. वर्ग म्हणाला, "मी काय लिहिलं आहे?"

दुसरं वाचलं. "मी कोणता धडा लिहिला आहे?" भाऊजी खुशीत मान डोलवत होते.

तिसरं उद्गाराचं होतं. "मी केवढा खोटारडा आहे!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. भाऊजी चपापले, पण थांबले असते तर सरांनाच येत नाही असं दिसलं असतं. म्हणून त्यांनी घाईघाईनं पुढचं वाचलं आणि चाळीस जण ठणठणीत म्हणाले, "जे मी विकतो, ते माझी भावजय लिहिते."

मग कुणी हसलं नाही. शिंपी बिचारा भाबडा, त्यानं सर थांबले म्हणून शेवटचं वाक्य स्वतःच वाचून अर्थ सांगितला, "जे तिचं होतं, ते मी घेतलं." सूनबाई सासऱ्यांकडे बघतच राहिली. खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं की जिवाला थंडावा मिळाला. नवऱ्यानं मात्र मान वर केली नाही.

भाऊजी दाराशी आले. चेहरा काळाठिक्कर पडला होता. दबक्या आवाजात म्हणाले, "काय हवंय तुला? नाव हवंय का पुस्तकावर? घालतो."

अकरा वर्षं मला तेच हवं होतं.

"राहू दे, भाऊजी," मी म्हटलं. "पुढचा धडा तेवढा तुम्ही लिहा."