तीन सडांचं दूध

बेवन कधी कुणाला विचारत नसे, हीच ड्युल्सीची तक्रार होती. लेकीने नवरा कामसू शोधला होता, पण तोंड नुसतं शीळ घालायला ठेवलेलं. मनाने काहीतरी करायचं आणि मग किल्ला जिंकल्यासारखं येऊन सांगायचं.

त्या सकाळीही तसंच झालं. दूध काढून गाई कुरणात सोडल्या होत्या. एकशे बारा नंबरची तेवढी गोठ्यात राहिली होती, औषध चालू असल्याची खूण म्हणून मागच्या दोन्ही पायांना लाल पट्ट्या बांधून. तिला दगडी झाली होती, कास सुजून टणक झाली होती. डाव्या मागच्या सडात बेवनने काल औषधाची नळी सोडली होती, आणि आज गुरांची डॉक्टरीणबाई राविनिया तिला बघायला आली होती.

"हिचं दूध विक्रीच्या टाकीत नाही ना गेलं?" कास चाचपत राविनियाने विचारलं.

"टाकीत? वेडा आहे का मी?" बेवन हसला. "दुखऱ्या सडाचं ओतून दिलं. बाकी तिन्हींचं बादलीत वेगळं काढलं आणि घरी नेऊन ठेवलं. नॅनना नासाडी खपते होय?" त्याने सासूकडे बोट दाखवलं.

"कधी नव्हे ते डोकं चालवलंस," ड्युल्सी म्हणाली.

राविनियाचा हात थांबला. "घरी?"

"अगं, कासेत चार खोल्या, मधे पक्क्या भिंती. इकडचं तिकडे जात नाही. मीच शिकवलंय त्याला." ड्युल्सीने शाळा बाराव्या वर्षी सोडली होती, पण गाई साठ वर्षांत सुटल्या नव्हत्या.

"दूध नाही जात, आंटी. औषध जातं. ते आधी मांसात मुरतं, मग रक्तात उतरतं, आणि रक्त चारही खोल्यांत फिरतं. औषध कुठलं होतं?"

"पेनिसिलिन," बेवन म्हणाला, आणि गर्रकन घराकडे वळला.

घरात ब्रायर होती, त्याची सहा वर्षांची पोर. गेल्या हिवाळ्यात कान दुखतो म्हणून दिलेल्या पेनिसिलिनने तिचा गळा आवळला होता. ओठ जांभळे पडले होते. हेलिकॉप्टर याच कुरणात उतरलं होतं.

ड्युल्सी पळत सुटली. तिच्या स्वयंपाकघरात कुणी गमबूट घालून आलं तर ती झाडू घेऊन धावायची. आज ती स्वतःच शेणाचिखलासकट आत घुसली.

ब्रायर टेबलाशी बसली होती. लापशीचा वाडगा चाटूनपुसून साफ, ओठांवर दुधाची मिशी.

"नॅन, तुझे बूट!" ती खिदळली आणि मान खाजवू लागली. कानाखाली लाल गांध उठली होती. बघता बघता शेजारी दुसरी उठली.

ड्युल्सीने फडताळावरून सुईचं पेन काढलं, मागच्या वेळेनंतर दवाखान्याने दिलेलं. टोपण घट्ट बसलं होतं, निघेना. मागून आलेली राविनिया फोनवर रुग्णवाहिका मागवत होती.

"बोलत राहा, बाळा," ड्युल्सी म्हणाली. "गाईंची नावं सांग."

"बटरकप... मोली... पे..." तिसऱ्या नावाला आवाज घोगरा झाला. चौथं नाव आलंच नाही. छातीतून नुसती शिट्टी वाजली.

मागोमाग पोचलेल्या बेवनने लेकीला मांडीवर दाबून धरलं. ड्युल्सीने दातांनी टोपण उपटलं आणि चड्डीवरूनच सुई पोरीच्या मांडीत खुपसली. मग तिघंही त्या छोट्या छातीकडे बघत राहिली. भिंतीवरचं घड्याळ ड्युल्सीला कधी एवढ्या मोठ्याने ऐकू आलं नव्हतं.

"...पेटल," ब्रायर अखेर म्हणाली, आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून ड्युल्सीने रिकामं पेन टेबलावर ठेवलं.

रुग्णवाहिकेत चढताना बेवनने मागे वळून पाहिलं. सासू आता सालटी काढणार, अशी त्याची खात्री होती.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "भिंतींचं खूळ माझं, तेव्हा मोठा गुन्हा माझा. पण विचारलं नाहीस, हा तुझा. यापुढे विचारायचं, बेवन. आणि मी छाती ठोकून सांगितलं, तर दुसऱ्या कुणालातरी विचारायचं."